कमी बजेटच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड हवंच का?

मागे एकदा भाच्याचा फोन आला. "मामा, गेम फार अडकतोय. कार्ड घ्यावंच लागणार. कुठलं घेऊ सांग." मी म्हटलं, आधी मशीन बघू दे. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला, आणि रॅम आठ जीबी. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर गेलो, तर खाली लिहिलेलं: स्लॉट्स यूज्ड, ४ पैकी १. सगळा घोळ त्या एका ओळीत होता. त्याच कंपनीची, त्याच वेगाची आठ जीबीची दुसरी स्टिक आणली आणि योग्य स्लॉटमध्ये बसवली. गेमच्या सेटिंगला हातही लावला नाही, तरी तोच गेम खेळण्याजोगा झाला. कार्डासाठी बाजूला काढलेले पैसे तसेच राहिले.

ग्राफिक्सचा विषय निघाला की बहुतेक जण "कार्ड कुठलं?" इथूनच सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात मेमरीपासून व्हायला हवी. ऑनबोर्ड आणि वेगळं कार्ड यांत जो फरक तुम्हाला रोज जाणवतो, तो बराचसा मेमरीचाच असतो. हे एकदा नीट समजलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून आधी तेवढं बघू.

फरक नेमका कुठे पडतो

"ऑनबोर्ड" हा शब्द जुना आहे. १९९९ साली इंटेलचा ८१० चिपसेट आला, तेव्हा ग्राफिक्स खरोखरच मदरबोर्डावरच्या चिपमध्ये असायचं. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज आणि एएमडीच्या लानो प्रोसेसरांनी ते प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणलं. आज मदरबोर्डावर असतो तो फक्त एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचा सॉकेट. पण बोलण्यात ऑनबोर्ड हाच शब्द रुळलाय, तेव्हा मीही तोच वापरतो.

वेगळ्या कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. ऑनबोर्डकडे स्वतःचं असं काही नसतं. ते कॉम्प्युटरच्या रॅममधूनच घेतं, आणि त्याच रॅमवर प्रोसेसरचंही काम चाललेलं असतं. म्हणजे एकाच नळावर दोघांनी पाणी भरायचं. नळाला धार किती, यावर सगळं ठरतं.

धार किती लागते ते आकड्यांत पाहू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ८.३ एमबीचं झालं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे साधारण अर्धा जीबी. डीडीआर४-३२०० (रॅमचा प्रकार आणि त्याचा वेग) ची एकटी स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. त्यातले अर्धा जीबी गेले तर कुणालाच जाणवणार नाही. एक्सेल, ब्राउझर, सिनेमा यांना कार्ड का लागत नाही, याचं उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

गेममध्ये मात्र एकच चित्र तयार होताना तेच ठिपके पुन्हा पुन्हा रंगवले जातात. भिंतीचा पोत वाचायचा, सावली काढायची, पुढचं काय नि मागचं काय ते ठरवायचं. तिथे सेकंदाला कितीतरी जीबींची ये-जा होते आणि मग पुढचे आकडे बोलू लागतात:

- डीडीआर४-३२००, एक स्टिक: २५.६ जीबी प्रतिसेकंद
- तीच, दोन स्टिक जोडीने: ५१.२
- डीडीआर५-६०००, दोन स्टिक: ९६
- एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० कार्डाची सहा जीबीची आवृत्ती: १६८
- एएमडीचं कार्ड रेडिऑन आरएक्स ६६०० किंवा आठ जीबीची आरटीएक्स ३०५०: २२४

कार्डाच्या आकड्यात वाटेकरी नसतो. वरच्या तीन आकड्यांत प्रोसेसरचा हिस्सा असतो.

पायरी १: कामं लिहून काढा

कागदावर लिहा. "पुढेमागे लागेल" असल्या कामांना वेगळा रकाना करा. गेल्या महिन्यात प्रत्यक्षात जे केलं तेच पहिल्या रकान्यात येऊ द्या.

लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ कॉल, सिनेमे, प्रोग्रॅमिंग, वेबसाइट बनवणं: यांपैकी कशालाही कार्ड लागत नाही. व्हिडिओ उलगडायला ऑनबोर्डमध्ये वेगळा भाग असतो आणि तो हे काम फारसा घाम न गाळता करतो. एव्ही१ या नव्या प्रकारचे व्हिडिओ उलगडण्याची सोय इंटेलच्या १२व्या पिढीत आहे. ५६००जीमध्ये ती नाही, पण त्याने अडत नाही. यूट्यूब अशा मशीनला दुसऱ्या प्रकारात व्हिडिओ देतं. दोन मॉनिटर लावायचे असले तरी केवळ तेवढ्यासाठी कार्ड घेऊ नका. मदरबोर्डाला दोन सॉकेट आहेत ना, आणि फोर-के पडदा असेल तर एचडीएमआय २.० आहे ना, एवढं पाहा. एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवरच थांबतं आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो.

फोटोंच्या कामात रॅम आणि एसएसडी आधी, ग्राफिक्स नंतर. अपवाद आहे तो एआयवर चालणाऱ्या सोयींचा. लाइटरूममधलं एआय डिनॉइज सगळा भार ग्राफिक्सवर टाकतं. महिन्यातून दहा फोटोंना वापरणार असाल तर चहा घेऊन या, तोवर होईल. रोज शेकडो फोटो असतील तर कार्डाचे पैसे वसूल होतात.

व्हिडिओ एडिटिंगबद्दल फार गैरसमज आहेत. साध्या कापाकापीसाठी इंटेलचं ऑनबोर्ड अनेकदा हलक्या कार्डापेक्षा सरस ठरतं. त्यातला क्विक सिंक हा भाग २०११ पासून सुधारत आलाय. आजचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ प्रकारात, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, एचईव्हीसी व्हिडिओ घेतात. तो उलगडण्याची सोय इंटेलच्या १२व्या पिढीच्या ऑनबोर्डमध्ये आहे, आणि एनव्हिडियाने ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली. म्हणजे अशा फुटेजपुरतं पाहिलं तर साधा ऑनबोर्ड असलेला इंटेल प्रोसेसर महागड्या जुन्या कार्डालाही मागे टाकू शकतो. पण दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगांचं काम, चित्रातला नॉइज (दाणेदारपणा) कमी करण्याचे किंवा दृश्य गुळगुळीत करण्याचे इफेक्ट लागणार असतील, तर कार्ड घ्याच. तिथे ऑनबोर्ड हात टेकतं.

थ्रीडीमध्ये मॉडेल घडवणं आणि रेंडर करणं (त्यातून पक्कं चित्र काढणं) ही दोन निरनिराळी कामं आहेत. टूडी नकाशे आणि लहान मॉडेलं ऑनबोर्डवर होतात. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या भागात रोज रेंडर टाकणार असाल तर कार्ड हवं, आणि शक्यतो आरटीएक्स. तुमचं सॉफ्टवेअर किंवा अभ्यासक्रम कूडावर (कार्डाकडून आकडेमोड करून घेण्याची एनव्हिडियाची प्रणाली) बेतलेला असेल तर एनव्हिडियाशिवाय पर्यायच नाही, कारण कूडा फक्त त्यांच्याच कार्डांवर चालतं. घरी एआय मॉडेल चालवायची असतील तर कार्डाच्या वेगापेक्षा व्हीरॅम आधी पाहा. मॉडेल त्यात मावलं नाही तर वेगाचा उपयोग नाही.

आता गेम. व्हॅलोरंटसारखे स्पर्धात्मक गेम मुद्दाम हलके ठेवलेले असतात आणि चांगल्या ऑनबोर्डवर छान चालतात. चार-सहा वर्षांपूर्वीचे मोठे गेम सेटिंग खाली आणून, पडद्याचं रिझोल्युशन कमी करून चालतात. कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून दाखवणारी एएमडीची सोय, एफएसआर, ऑनबोर्डवरही चालते, तिची मदत होते. एनव्हिडियाच्या तशाच सोयीला, डीएलएसएसला, मात्र आरटीएक्स कार्डच लागतं. आणि काही नव्या गेमांनी दारच बंद केलंय. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल हा २०२४ चा गेम आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस, दोन्हींना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली दाखवण्याचं) हार्डवेअर आणि किमान आठ जीबी व्हीरॅम लागते. तिथे जीटीएक्स १६५० सारखी जुनी कार्डंही चालत नाहीत. तुम्हाला जो गेम खेळायचाय त्याच्या किमान गरजा कंपनीच्या पानावर वाचूनच पुढे जा. "गेमिंगसाठी" हा शब्द फार ढोबळ आहे.

पायरी २: हातात मशीन असेल तर घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा

नवं काही घेण्याआधी ही दहा मिनिटं द्या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. जे काम अडतंय ते सुरू करा आणि आकडे बघत बसा.

जीपीयूचा (ग्राफिक्सच्या चिपचा) आकडा सतत ९५ ते १०० वर चिकटलेला आणि बाकी सगळं निवांत असेल, तर ग्राफिक्स कमी पडतंय. जीपीयू ५०-६० वर आणि प्रोसेसरचा एखादा कोर पूर्ण भरलेला असेल, तर कार्ड बदलून काही हाती लागणार नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅम वाढवा. डिस्क १०० वर अडकलेली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी घ्या. बाकी कशानेही त्या मशीनचा तेवढा कायापालट होणार नाही.

मेमरीच्या पानावरच स्पीड आणि स्लॉट्स यूज्ड लिहिलेलं असतं. डीडीआर४-३२०० च्या स्टिक असून स्पीड २४०० किंवा २६६६ दिसत असेल, तर बहुधा बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, सुरू केलेली नाही. डीडीआर५ च्या काही स्टिकवर त्याच सोयीला एक्स्पो म्हणतात. ते सुरू करायला पैसे लागत नाहीत.

पायरी ३: प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा

एका अक्षरापायी लोक फसलेले पाहिलेत. कोअर आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२१००एफमध्ये नाही. १२४०० आणि १२४००एफचंही तेच. एफ असलेला प्रोसेसर स्वस्त दिसतो, माणूस तो घेतो, घरी आणून मॉनिटर जोडतो आणि पडदा काळाच. मदरबोर्डाला एचडीएमआयचा सॉकेट असतो, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसल्याने तो मुका राहतो.

एएमडीकडे रीत थोडी निराळी. रायझन ५००० मालिकेत नावातल्या आकड्यानंतर जी असेल तरच ग्राफिक्स असतं. ५६००जीमध्ये आहे, ५६००, ५६००एक्स, ५५०० मध्ये नाही. रायझन ७००० च्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी बहुतेकांत छोटं ग्राफिक्स आहे. ७६०० मध्ये ते दोनच युनिटांचं आहे, म्हणजे पडदा दाखवायला आणि व्हिडिओला पुरेसं, गेमला नाही. ७५००एफमध्ये तेही नाही. ८६००जीमध्ये रेडिऑन ७६०एम आहे, आठ युनिटांचं. आजच्या डेस्कटॉप ऑनबोर्डांत ते दमदार म्हणावं असं.

"आत्ता ऑनबोर्डवर चालवू, वर्षभराने कार्ड घेऊ" हा बेत फार जणांचा असतो. बेत चांगला आहे, पण जी अक्षरवाल्या प्रोसेसरांची एक मेख लक्षात ठेवा. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, अतिवेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जीमध्ये १६. ७६०० आणि ८६००जीमध्येही हाच फरक. गेमना कॅश फार आवडते, त्यामुळे पुढे दमदार कार्ड लावलं की जी अक्षरवाला प्रोसेसर थोडा मागे पडतो. दुसरं, ५६००जी पीसीआय एक्सप्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता) ३.० वरच चालतो, मदरबोर्ड ४.० चा असला तरी. ८५००जीमध्ये कार्डासाठी त्या रस्त्याच्या फक्त चारच लेन आहेत, ८६००जीमध्ये आठ.

म्हणून मी असं सांगतो: कार्ड खरंच वर्षभरात येणार असेल आणि तोवर फक्त साधी कामं करायची असतील, तर इंटेलचा एफ नसलेला प्रोसेसर किंवा ७६०० घ्या. छोटं ग्राफिक्स तोवर गाडा ओढेल आणि कार्ड आल्यावर प्रोसेसर कमी पडणार नाही. कार्ड येईल की नाही याची खात्री नसेल आणि गेम आत्ताच खेळायचे असतील, तर ८६००जीसारखा प्रोसेसर घ्या आणि त्यावरच समाधानाने राहा.

कार्ड लगेच घेणार असाल तरीही मी एफ टाळतो. कार्ड बिघडलं, दुरुस्तीला गेलं, तर ऑनबोर्ड हे स्टेपनीसारखं कामी येतं. पडदा काळा झाला की दोष कार्डाचा की बाकी कशाचा, हे केबल मदरबोर्डाला लावून एका मिनिटात कळतं. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर एफ घ्या, पण काय सोडतोय ते माहीत असू द्या.

पायरी ४: ऑनबोर्डवर राहायचं तर रॅममध्ये हात आखडता घेऊ नका

भाच्याच्या मशीनमध्ये जे झालं ते योगायोगाने झालं नाही. एका स्टिकवर २५.६, दोनवर ५१.२; धार दुप्पट. म्हणून सोळा जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. "पुढे दुसरी टाकू, स्लॉट मोकळा राहील" हा सल्ला ऑनबोर्डवाल्यांनी ऐकू नये.

चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डावर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. ए२ आणि बी२ असं बोर्डावर बारीक छापलेलं असतं, खात्रीसाठी पुस्तिका पाहा. शेजारी-शेजारी लावल्या तर अनेक बोर्डांवर दोन्ही एकाच वाटेवर (चॅनलवर) येतात आणि दुप्पट धार मिळत नाही. बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप टक् आवाज करून बसल्या पाहिजेत. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिट्टी असते. मग सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून मेमरीच्या पानावर चॅनलसमोर ड्युअल असं लिहिलंय का ते बघा. डीडीआर५ मध्ये तिथे २ गुणिले ३२ किंवा ४ गुणिले ३२ बिट असं दिसेल, त्यातलं चारवालं हवं.

इंटेलच्या लॅपटॉपांत तर हे नावावरच येतं. ज्या प्रोसेसरात आयरिस एक्सई ग्राफिक्स आहे, त्यात रॅम एकाच वाटेवर असेल तर तेच ग्राफिक्स स्वतःचं नाव यूएचडी असं दाखवतं. लॅपटॉपच्या खोक्यावर आयरिस एक्सई आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी दिसलं तर घाबरू नका, दुसरी स्टिक घाला.

किती रॅम? ऑनबोर्ड स्वतःसाठी काही भाग बाजूला काढतं, आणि गरजेप्रमाणे आणखी घेतं. विंडोज साधारण निम्म्या रॅमपर्यंत त्याला वाटा देऊ शकतं. आठ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि ग्राफिक्स तिघांचं भागत नाही. सोळा हा आजचा किमान आकडा माना. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर नावाची सेटिंग असते; गेम सुरूच होत नसेल, "व्हिडिओ मेमरी अपुरी" असं म्हणत असेल तर ती दोन जीबी करून पाहा. एरवी ऑटोवर राहू द्या. ती वाढवल्याने वेग वाढतो असं पुष्कळ जण सांगतात, पण त्याने फक्त जागा राखून ठेवली जाते, धार तेवढीच राहते.

पायरी ५: मधल्या खड्ड्यात पडू नका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथे सांगायची आहे. उत्तम जोडीच्या रॅमवरचं ऑनबोर्ड आणि खऱ्या अर्थाने कार्ड म्हणावं असं कार्ड, या दोघांच्या मध्ये एक खड्डा आहे. बजेटवाला माणूस बहुतेक वेळा त्यातच जाऊन पडतो, कारण तिथल्या वस्तू सगळ्यात स्वस्त असतात आणि खोक्यावर "ग्राफिक्स कार्ड" असं ठळक लिहिलेलं असतं.

जीटी ७१० अजूनही विकायला दिसतं. त्याच्या डीडीआर३ मेमरीची धार सेकंदाला १४.४ जीबी, म्हणजे डीडीआर४ च्या एकट्या स्टिकपेक्षाही कमी. २०२१ नंतर त्याला नवे गेम ड्रायव्हरही (नव्या गेमांसाठी कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आले नाहीत. जीटी १०३० दोन प्रकारांत येतं, नाव अगदी एकच. जीडीडीआर५ वालं ४८ जीबी देतं आणि डीडीआर४ वालं १६.८. दुकानातल्या यादीत हा फरक बहुधा लिहिलेला नसतो. ५६००जीच्या मशीनमध्ये यांतलं काहीही बसवणं म्हणजे पैसे देऊन मशीन हळू करून घेणं. असं कार्ड मी एकाच कारणासाठी घेईन: जुन्या, ग्राफिक्स नसलेल्या मशीनला नुसता पडदा दाखवायचा असेल तेव्हा.

त्याच्या जरा वरचं रेडिऑन आरएक्स ६४०० फसवं आहे. चार जीबी, ५३ वॉट, वेगळी वीज नको, आकाराने लहान. कागदावर मोह पडावा असं. पण ते फक्त चार लेनवर चालतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर चार लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी, ३.० वर फक्त ४. चार जीबी व्हीरॅम भरली की कार्ड याच अरुंद वाटेने रॅमकडे धावतं, आणि गेम झटके देऊ लागतो. जुन्या मशीनला नवं आयुष्य द्यायला लोक नेमकं हेच कार्ड घेतात, आणि जुनं मशीन नेमकं ३.० चं असतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची (आवळून साठवण्याची) सोय नाही आणि एव्ही१ उलगडण्याचीही नाही. मोठा भाऊ आरएक्स ६५०० एक्सटी, त्याचीही हीच गत.

खड्डा ओलांडायचा तर वेगळ्या वीज जोडणीशिवाय चालणारी सहा जीबीची आरटीएक्स ३०५० ही पलीकडची पहिली पायरी. ती ७० वॉटची आहे. त्याच्या वर आठ जीबीची आरएक्स ६६०० किंवा तिच्या बरोबरीची कार्डं. नव्या गेमसाठी घेणार असाल तर आठ जीबीच्या खाली उतरू नका. तेवढे पैसे आज नसतील तर थांबा, रॅम जोडीने करा आणि ऑनबोर्डवर चालवा. खड्ड्यातलं कार्ड घेतलं की ते पैसेही जातात आणि खरं कार्डही लांबतं.

इंटेलचं आर्क ए३८०, सहा जीबीचं, एका बाबतीत वेगळं आहे: ते व्हिडिओ एव्ही१ मध्ये एन्कोड करतं, आणि या वर्गात ही सोय दुर्मीळ आहे. व्हिडिओचं काम असेल तर त्याचा जरूर विचार करा. मात्र आर्कला बोर्डामध्ये रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय सुरू असावी लागते. नसेल तर ते फारच मंदावतं, म्हणून जुन्या मशीनला ते लावू नका.

पायरी ६: कार्ड बसेल का, आणि वीज पुरेल का

कॅबिनेट उघडा आणि टेप घेऊन मोजा. लांबी, जाडी, आणि पुढच्या पंख्यापर्यंत उरलेली जागा. बुटक्या ऑफिस कॅबिनेटमध्ये लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच बसतं, आणि सोबत तशी छोटी पट्टी आली आहे का ते विचारायला विसरू नका.

विजेचं गणित सरळ आहे. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, म्हणून तिला वेगळी जोडणी आलीच. एएमडी तिच्यासाठी किमान ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सुचवते. आकड्याइतकीच प्रतही पाहा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० छापलेलं असतं, पण कार्डाला लागते ती १२ व्होल्टची वीज. बाजूच्या स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. उत्तर ४५० च्या बरंच खाली आलं तर त्या छापील आकड्यावर विसंबू नका.

मोठ्या कंपन्यांच्या तयार ऑफिस मशीनमध्ये आणखी एक अडचण असते. त्यांच्या एसएमपीएसची जोडणी बऱ्याचदा त्यांची स्वतःचीच असते, बाजारातला दुसरा बसत नाही. अशा मशीनमध्ये ७५ वॉटच्या आतलंच कार्ड घ्या. सहा पिनांचे जुगाडू अडॅप्टर लावू नका, तारा तापतात.

जुनं कार्ड घेत असाल तर

वापरलेलं कार्ड घेण्यात कमीपणा नाही. बजेटमध्ये खड्डा ओलांडायचा तोच सर्वांत चांगला मार्ग असू शकतो. फक्त चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारे आहेत, आणि जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे फेक असं दाखवतं. मग वीस मिनिटं जड भार टाका. पडद्यावर रंगीत चौकोन, रेघा, चमक दिसली तर सोडून द्या. पंखे खरखरतात का, तापमान ९० कडे सरकतं का, ते बघा.

कार्डाचं वयही पाहा. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही एकेकाळची लाडकी कार्डं. पण एनव्हिडियाने त्या पिढीचे नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत, पुढे फक्त सुरक्षेचे. जुने गेम चालत राहतील. नव्यांसाठी त्यात पैसे घालू नका.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी

डेस्कटॉपमध्ये चूक दुरुस्त करता येते, लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स जे आलं तेच शेवटपर्यंत. म्हणून इथे पहिला रकाना आणखी प्रामाणिकपणे भरा. कार्डाच्या नावावर जाऊ नका: लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०५० हे ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत येतं आणि दोन टोकांत पुष्कळ फरक असतो. तपशिलात वॉटचा आकडा शोधा, नसेल तर विक्रेत्याला विचारा.

कार्ड नको असेल तर रॅम कशी आहे ते बघा. डीडीआर४ किंवा डीडीआर५ च्या स्टिक असतील तर दोन्ही स्लॉट भरलेले हवेत. बोर्डावर चिकटवलेली एलपीडीडीआर५ असेल तर ती बहुधा दोन वाटांवरच असते आणि वेगवान असते. ६४०० च्या वेगाला १२८ बिटांवर सेकंदाला १०२.४ जीबी. पण ती नंतर वाढत नाही. तिथे आठ जीबीवालं मॉडेल कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, सोळावालंच घ्या. बॅटरी आणि वजन महत्त्वाचं असलेल्यांना मी ऑनबोर्डच सुचवतो.

बसवून झाल्यावर

कार्ड बसवलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डावरून काढून कार्डाला लावा. हे सांगायची गरज वाटत नाही, पण कार्ड घेऊनही महिनोन्महिने ऑनबोर्डवर खेळणारी माणसं मी पाहिली आहेत. केबल जुन्याच सॉकेटमध्ये राहिलेली असते. मग ड्रायव्हर थेट कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचा रिफ्रेश रेट तपासा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच सेट झालेला असतो.

शेवटी पायरी २ मधली तीच चाचणी, त्याच गेमवर, त्याच सेटिंगवर पुन्हा करा आणि आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. आता जीपीयू ९० च्या वर आणि प्रोसेसर त्याखाली दिसायला हवा. उलटं दिसलं, तर वस्तू परत करण्याच्या मुदतीत आहात तोवरच हलकं कार्ड घेऊन उरलेले पैसे रॅमकडे वळवा. तोपर्यंत खोकं फाडू नका आणि बिल जपून ठेवा.